आरएफ ट्रान्ससेप्टल वायर: ऑपरेशन झालेल्या हृदयात कितपत कामाची?

लहानपणी सेनिंग, मस्टर्ड किंवा फॉन्टन (जन्मजात हृदयदोषांवरची ऑपरेशनं) झालेला रुग्ण मोठेपणी धडधड घेऊन कॅथलॅबमध्ये येतो, तेव्हा खरी अडचण बॅफलपलीकडे, म्हणजे रक्ताची वाट वळवायला ऑपरेशनमध्ये घातलेल्या भिंतीपलीकडे, पोहोचण्याची असते. महाधमनीतून उलट्या वाटेनेही जाता येतं, पण इतक्या वळणांनंतर कॅथेटरच्या टोकावर ताबा राहत नाही. बॅफलला छेद द्यायचा ठरला, तर वर्साक्रॉस या आरएफ वायरला (टोकातून रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जा देऊन छेद करणारी तार) आमची पहिली पसंती.

बीआरके ही नेहमीची धारदार ट्रान्ससेप्टल सुई जुन्या व्रणावर दाबली की तो तंबूसारखा ताणला जातो, एकदम फुटतो आणि सुई मागच्या भिंतीत घुसू शकते. टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून त्यावर दाब येणं) होतो तो असा. या वायरचं टोक बोथट आहे. दाब थोडाच लागतो, छेद आरएफ करते. पार गेल्यावर 0.035 इंचाची हीच वायर आत ठेवून तिच्यावरून डायलेटर (छेद रुंदावणारी नळी) आणि शीथ (कॅथेटर आत नेणारी नळी) नेता येतात. हा फायदा फार मोठा.

मर्यादा मात्र नीट समजून घ्या. आरएफ ऊतीतलं पाणी वाफवून वाट काढते. गोरटेक्स, डेक्रॉन या कृत्रिम कापडांमध्ये ते पाणी नाही, तिथे हिच्यावर भिस्त ठेवू नये. सेनिंगचा बॅफल बहुतांशी रुग्णाच्याच अलिंदाचा. मस्टर्डचा पेरिकार्डियमचा किंवा कृत्रिम कापडाचा. म्हणून जुनं ऑपरेशन परळला झालं असो वा आणखी कुठे, रेकॉर्ड रूममधली ऑपरेशन नोट आधी मागवा. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. एक्स्ट्राकार्डियाक (हृदयाबाहेरून नळी टाकलेल्या) फॉन्टनमध्ये नळी आणि अलिंद अशा दोन भिंती असतात. त्या कुठे चिकटल्यात ते सीटीवर बघा; मध्ये फट असेल तर तिथे छेद नकोच.

मांडीची शीर जुन्या कॅथमुळे बंद असू शकते, आदल्या दिवशी डॉपलर करा. ग्लेन (वरची महाशीर फुफ्फुसाच्या धमनीला जोडण्याचं ऑपरेशन) झालेल्याच्या मानेतून हृदय थेट गाठता येत नाही. आरएफ देण्याआधी टोकाची जागा आयसीईवर (हृदयाच्या आतून केलेल्या इकोवर) दिसलीच पाहिजे. छेदानंतर शीथ अडली तर रेटू नका. 6 मिमीचा पेरिफेरल बलून फुगवा, मग सरकवा. शीथमधली हवा काढा, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) 300 सेकंदांच्या वर ठेवा.

वायर एकदाच वापरायची, आरएफ ऊर्जा देणारा जनरेटर वेगळा. अशा केसेस मोजक्याच असतील तर जनरेटर केसपुरता मागवणं परवडतं. फॉन्टनमध्ये दाब शिरेच्या बाजूला जास्त असतो, उरलेल्या छिद्रातून निळं (कमी ऑक्सिजनचं) रक्त पलीकडे जातं. सॅच्युरेशन आणि इको बघूनच घरी सोडा.