जुना पत्ता अडकलाय कुठे? डीएनएस कॅश साफ करण्याचे पर्याय

साइट नव्या सर्व्हरवर गेली. मोबाइल डेटावर नवं पान दिसतं, कॉम्प्युटरवर मात्र अजून जुनंच. साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे क्रमांक, शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस; मिळालेलं उत्तर काही काळ साठवून ठेवलं जातं ती कॅश, आणि जुना पत्ता तिच्यातच अडकलेला असू शकतो. अशा वेळी कोणी सांगतं मशीन रीस्टार्ट करा, कोणी ब्राउझरची हिस्टरी उडवायला सांगतं, कोणी राउटर बंद-चालू करायला. हे उपाय वेगवेगळ्या जागी काम करतात, त्यामुळे आधी जागा शोधा आणि मगच हात घाला, असं माझं ठाम मत आहे.

शोधायला दोन मिनिटं लागतात. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून साइटच्या नावाला पिंग करा. पहिल्या ओळीतच आयपी पत्ता दिसतो. मग त्याच नावावर एनएसलुकअप चालवा. पिंग मशीनची स्वतःची कॅश वापरतं. एनएसलुकअप ती बाजूला ठेवून थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. पिंगमध्ये जुना पत्ता आणि एनएसलुकअपमध्ये नवा आला, तर शिळी नोंद तुमच्याच मशीनवर आहे. दोन्हीकडे जुनाच आला, तर ती मशीनच्या बाहेर, राउटरमध्ये किंवा पुढच्या डीएनएस सर्व्हरवर आहे आणि मशीन कितीही साफ केलं तरी फरक पडणार नाही. दोन्हीकडे नवा असून पान जुनं दिसत असेल, तर ब्राउझर तपासा. मोठ्या साइट्सना अनेक पत्ते असतात, म्हणून नवा पत्ता नक्की ठाऊक असेल तेव्हाच ही तुलना कामाची.

नोंद मशीनवर असेल तर सिस्टिमची कमांड हाच सगळ्यात चांगला पर्याय. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' दिलं की क्षणात काम होतं. उघड्या फाइल्स, पासवर्ड, लॉगिन, कशालाच धक्का लागत नाही. त्याआधी एकदा 'आयपीकॉन्फिग /डिस्प्लेडीएनएस' चालवून बघाच. प्रत्येक नावासमोर 'टाइम टू लिव्ह'चा आकडा असतो, म्हणजे ती नोंद अजून किती सेकंद धरून ठेवायची ते. थोड्या वेळाने पुन्हा चालवलं की तोच आकडा उतरलेला दिसतो. कधी कधी यात 'हे नावच नाही' असं उत्तरही साठवलेलं सापडतं. डोमेन चालू व्हायच्या आधी तुम्ही ते उघडून पाहिलेलं असतं आणि तो नकार काही काळ जपला जातो.

मॅकवर दोन कमांड एकापाठोपाठ द्याव्या लागतात: 'सुडो डीएसकॅशयुटिल -फ्लशकॅश' आणि 'सुडो किलऑल -एचयूपी एमडीएनएसरिस्पॉन्डर'. पासवर्ड टाइप करताना अक्षरं उमटत नाहीत आणि काम झाल्याचा संदेशही येत नाही, त्यामुळे काहीच झालं नाही असं वाटतं, झालेलं असतं. सिस्टिमडी-रिझॉल्व्ड वापरणाऱ्या लिनक्सवर 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस' पुरतं.

फ्लश करूनही पिंगमध्ये जुनाच पत्ता येत राहिला, तर होस्ट्स फाइल, म्हणजे नावं आणि पत्ते हाताने लिहून ठेवायची मशीनवरची फाइल, उघडून बघा. चाचणीसाठी कधीतरी घातलेली एखादी ओळ तिथे राहून गेलेली असते, आणि ती फ्लशने जात नाही.

रीस्टार्टनेही सिस्टिमची कॅश जाते, पण त्यासाठी सगळं काम बंद करावं लागतं. कमांड देणं जमतच नसेल तरच हा मार्ग घ्या. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन करून पुन्हा सुरू केल्यावर सिस्टिमचा काही भाग आधीच्याच अवस्थेत परत येतो. म्हणून रीस्टार्टच निवडा.

ब्राउझरच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. हिस्टरी आणि कुकीज उडवल्या की साइट्सवरचं लॉगिन जातं आणि मूळ प्रश्न बहुधा तसाच राहतो. क्रोम आणि फायरफॉक्स पत्त्यांची स्वतःची वेगळी कॅश ठेवतात. क्रोममध्ये नेट-इंटर्नल्सच्या डीएनएस पानावर 'क्लिअर होस्ट कॅश' हे बटण आहे. फायरफॉक्समध्ये अबाउट-नेटवर्किंगच्या डीएनएस भागात तशीच सोय आहे. त्यातही जुन्या सर्व्हरशी जोडणी उघडी राहिलेली असू शकते, म्हणून त्यानंतर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा.

राउटर बंद-चालू करणं मी शेवटी ठेवीन. बरेच राउटर उत्तरं साठवतात हे खरं, पण त्यापायी घरातल्या सगळ्यांचं नेट जातं. एनएसलुकअपमध्ये जुना पत्ता येत असेल, तर आधी 'एनएसलुकअप'पुढे साइटचं नाव आणि त्यापुढे ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस सर्व्हर) किंवा १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) लिहून विचारा. तिथे नवा पत्ता आला, तर अडचण राउटरमध्ये किंवा इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरमध्ये आहे. तेव्हा राउटर बंद-चालू करून बघा किंवा मशीनवर डीएनएस सर्व्हर बदला. तिथेही जुनाच आला, तर गूगल आणि क्लाउडफ्लेअर दोघांचीही एखाद्या नावाची साठवलेली नोंद काढून टाकण्यासाठी खुली पानं आहेत, ती वापरा.

यातलं काहीच जमलं नाही तर थांबणं उरतं, आणि किती थांबायचं हे साइटच्या मालकाने आधीच ठरवलेलं असतं. नोंदीचा टीटीएल, म्हणजे वरचा 'टाइम टू लिव्ह', ८६४०० सेकंद असेल तर एक पूर्ण दिवस, ३०० असेल तर पाच मिनिटं. साइट तुमचीच असेल, तर सर्व्हर हलवायच्या एक-दोन दिवस आधी हा आकडा ३०० वर आणून ठेवा आणि सगळं स्थिरावल्यावर पुन्हा वाढवा.