टूरिंग सायकल, 22 महिने, 6,400 किलोमीटर: वापरानंतरचा अनुभव

सायकल घेतली तेव्हा मी 43 वर्षांची होते आणि दहावीनंतर सायकलला हात लावला नव्हता. फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात घेतली, आता डिसेंबर 2025 संपत आलाय. मीटरवर 6,400 किलोमीटर झालेत. दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, दोनदा पसरणी घाट चढून पाचगणी, एकदा पंढरपूर, आणि जानेवारी 2025 मध्ये आम्ही सहाजणींनी केलेली अलिबाग ते तेरेखोल ही किनाऱ्याकिनाऱ्याची सफर. त्या सफरीच्या निमित्ताने पैसे गोळा करून शाळेतल्या मुलींसाठी सायकली घेतल्या. त्या सायकलींचाही आता सहा महिने वापर झालाय. तोही इथेच लिहिणार आहे, कारण माझ्या लेखी तो माझ्या सायकलीपेक्षा महत्त्वाचा आहे.

आधी सायकल. स्टीलची फ्रेम, पुढे तीन आणि मागे आठ गिअर, 700 बाय 35 चे टायर, मागे भक्कम कॅरिअर. सामान नसताना वजन 14 किलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या वर्गातल्या दोन-तीन कंपन्यांच्या सायकली थोड्याफार फरकाने अशाच आहेत, आणि मला जे सांगायचंय ते कंपनीवर अवलंबून नाही. ते मापावर अवलंबून आहे.

पहिले दोन महिने मी जवळजवळ सोडूनच देणार होते. वीस किलोमीटरनंतर खाली मुंग्या यायच्या, पस्तीसनंतर बधिरपणा, आणि घरी आल्यावर दोन दिवस बसताना दुखायचं. दुकानात विचारलं तर "होईल सवय" एवढंच उत्तर मिळालं. आमच्यातल्या दोघींनी याच कारणाने सायकल विकली, पण सांगताना सांगितलं की वेळ मिळत नाही. खरं कारण बोलायला लाज वाटते, म्हणून मी इथे स्पष्ट लिहितेय: ही सवयीची गोष्ट नाही. सीट आपल्या हाडांच्या मापाची नसेल तर सगळा भार मऊ भागावर येतो, आणि तो भाग कितीही महिने गेले तरी निबर होत नाही.

माप घरी घेता येतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा लाकडी पाटावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, त्यावर पातळ कपड्यांत बसायचं, गुडघे थोडे वर घ्यायचे, पुढे वाकायचं आणि मिनिटभराने उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. माझं 138 मिलिमीटर आलं. त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवले की सीटची रुंदी मिळते. माझ्या सायकलीला आलेली सीट अरुंद होती. बायकांची ओटीपोटाची हाडं सर्वसाधारणपणे जास्त रुंद असतात, पण प्रत्येकीची वेगळी, त्यामुळे "लेडीज सीट" असं लिहिलेली जाड गादी उचलून आणू नका. मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला भाग उलट जास्त दाबला जातो. मी 158 मिलिमीटरची, मधे खाच असलेली, बऱ्यापैकी कडक सीट घेतली. पुढचं टोक किंचित खाली केलं. तिसऱ्या रविवारी पन्नास किलोमीटर झाले आणि मला सीटची आठवणसुद्धा झाली नाही.

त्याच वेळी हँडलही बदललं. मूळ हँडल 44 सेंटिमीटर रुंद होतं, माझे खांदे तेवढे नाहीत. 40 चं घेतलं, आणि हँडल फ्रेमला जोडणारा दांडा 100 वरून 70 मिलिमीटरचा. मानेमागची कळ गेली. ब्रेकच्या लिव्हरजवळ एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर बोटांच्या जवळ येतो. हे काम फुकट आहे, दोन मिनिटांचं आहे, आणि लहान हातांच्या बाईला उतारावर त्याचा केवढा आधार होतो हे पसरणीवरून खाली वाईला उतरताना कळलं. अजून एक: गादीची सायकलिंग शॉर्ट आत काहीही न घालता वापरायची असते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आतल्या कपड्याची शिवण घासून जखम झाल्यावर एका मैत्रिणीने हळूच सांगितलं.

आता चालवण्याबद्दल. कोकणात मागे 12 किलो सामान होतं. किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल असं वाटतं, पण प्रत्येक खाडी ओलांडली की समोर चढ उभा असतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार फेरीबोटी, शेवटी तेरेखोलची, आणि मधे अगणित डोंगर. इथे सगळ्यात छोट्या गिअरचं मोल कळतं. पुढे 26 दाते आणि मागे 34 असतील तर एका पायडलमध्ये सायकल जेमतेम एक मीटर सत्तर सेंटिमीटर पुढे जाते. हळू जाते, पण गुडघ्यावर ताण न येता जाते. दुकानात गिअर किती आहेत ते विचारू नका, सगळ्यात छोटा केवढा आहे ते विचारा.

बिघाड दोनच झाले. देवगडच्या अलीकडे मागच्या चाकाची एक तार तुटली. कारण माझंच दुर्लक्ष. नवीन सायकलीच्या तारा पहिल्या तीन-चारशे किलोमीटरनंतर एकदा सारख्या ताणून घ्याव्या लागतात, मी ते केलं नव्हतं. एका तारेवर जास्त ओढ आणि वर सामानाचं ओझं. बाजारातल्या मिस्त्रींनी तासाभरात तार बसवून रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून दिला. दुसरं म्हणजे खाऱ्या हवेने चेन तिसऱ्या दिवशीच तांबूस झाली. मग रोज रात्री जुन्या ओढणीच्या तुकड्याने पुसायची आणि तेलाचे थेंब सोडायचे. लाल मातीने ब्रेकचे रबर इतके झिजले की रत्नागिरीत बदलावे लागले. टायर मात्र उत्तम, संपूर्ण सफरीत मला एकही पंक्चर नाही.

पाळी नेमकी दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनला आली. मी पाळीसाठीचा कप वापरते, त्यामुळे सायकल चालवताना काही त्रास झाला नाही. त्रास जागेचा. एका जेट्टीवर महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून ठरवलं: पेट्रोलपंप दिसला की गरज असो नसो जाऊन यायचं, आणि गाव लागलं तर सरळ घराशी जाऊन बाईला विचारायचं. सात दिवसांत एकाही घरातून नकार आला नाही.

त्यातलं एक घर वेळणेश्वर आणि हेदवीच्या मधलं. खळ्यात सुपारी वाळत घातलेली. आजींनी बाथरूम दाखवलं, मग कोकम सरबत केलं, आणि आम्ही पीत असताना त्या माझ्या सायकलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सीटवर अंगठा दाबून पाहिला. "ह्याच्यावर बसून गोव्याला जाणार? हा तर दगड आहे गो." मी त्यांना पुठ्ठ्याचं सांगितलं. त्यांची सून दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, मी दहावीपर्यंत शाळेत सायकलनेच जायचे, लग्न झालं आणि सायकल माहेरी राहिली. आम्ही म्हटलं, चालवून बघा. तिने सासूकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "बघतेस काय, जा." तिने पदर खोचला. माझी सीट तिला उंच पडत होती, म्हणून पाना काढून चार बोटं खाली केली. ती पाणंदीतून वळणापर्यंत गेली, दिसेनाशी झाली, आणि परत आली तेव्हा तिला श्वास लागला होता. उतरली आणि म्हणाली, "ब्रेक हाताला आला, बरं झालं." तिचा हात माझ्याएवढाच लहान होता.

सुरक्षिततेबद्दल सगळे विचारतात. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, पाचच्या आत मुक्कामाला पोहोचायचं, हा आमचा नियम. एका दुपारी दोन मुलं मोटरसायकलवरून बराच वेळ मागे-पुढे करत राहिली. आम्ही पहिल्या दुकानाशी थांबलो, तिथल्या बाईंना सांगितलं, त्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या, मुलं गेली. कुत्री लागली की उतरून सायकल मधे धरायची. नातेवाइकांना एवढ्याने समाधान होत नाही, "बायकांना एवढं झेपतं का" हा प्रश्न येतोच. 2018 मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने वयाच्या विसाव्या वर्षी जवळपास 29,000 किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवर पूर्ण केली. मी तिचं नाव सांगते आणि विषय संपवते.

मदतनिधीसाठीच्या सफरींबद्दल माझं मत कडक आहे. कोकणाच्या आधी मी अशाच एका कार्यक्रमात भाग घेतला होता. नोंदणीचे 1,800 रुपये, टी-शर्ट फक्त पुरुषांच्या मापाचे, पुरुषांसाठी 100 किलोमीटर आणि "महिला व बालके" यांच्यासाठी 25. जमलेल्यातले किती पैसे कामाला गेले हे दोनदा विचारूनही कळलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्या सकाळी आलेल्या बायका मनापासून आल्या होत्या. म्हणून आमच्या सफरीत आम्ही आधी ठरवलं: आमचा राहण्याखाण्याचा खर्च आमच्या खिशातून, देणगीतून एक रुपयाही नाही. ओळखीच्या चाळीस जणांनी मिळून दर किलोमीटरला 215 रुपये कबूल केले. 520 किलोमीटर झाले, 1,11,800 रुपये आले. हिशेबाचा कागद चाळीसही जणांना पाठवला. 22 सायकली, प्रत्येकी 4,900. उरलेले 4,000 टेम्पोभाड्यात गेले. भोर तालुक्यातल्या एका शाळेत, जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात, आठवीच्या मुलींना सायकली दिल्या. फोटो काढले, घरी आलो.

गेल्या पंधरवड्यात मी एकटीच तिथे पुन्हा गेले, कशा चालल्यात ते बघायला. 22 पैकी 15 रोज शाळेत येतात. सात येत नाहीत. चार पंक्चर होऊन पडल्या होत्या, कारण पंक्चर काढणारं दुकान नऊ किलोमीटरवर आहे आणि आम्ही साधा पंपसुद्धा दिला नव्हता. एक मुलीचा भाऊ घेऊन जातो. आणि दोन मुलींना सायकल मोठी होती. सगळ्या 22 आम्ही 26 इंची घेतल्या होत्या, घाऊक भाव बरा मिळाला म्हणून. त्यातली एक मुलगी माझ्या खांद्याइतकीही नव्हती. तिने मला दाखवलं, सीट पार खाली केलेली, तरी पायडल खाली गेलं की पाय सुटायचा, म्हणून ती उभ्यानेच चालवायची, आणि एकदा उतारावर पडल्यावर घरच्यांनी बंद केली. मी माझं माप मिलिमीटरमध्ये घेतलं होतं. या मुलींना सायकलीशेजारी उभं करूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती: कॅरिअर. स्वस्तातलं मॉडेल म्हणून ते नव्हतंच. मुलींना धाकट्या भावंडाला अंगणवाडीत सोडायचं असतं, दळण आणायचं असतं. मला एकदम पुदुकोट्टईची गोष्ट आठवली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या त्या जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. त्यातल्या कित्येकींना पुरुषांची सायकल जास्त पसंत होती, कारण सीटपुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. चालवणारीला काय वाहायचंय ते तिलाच माहीत असतं, तिला विचारायला हवं होतं.

त्याच दिवशी शाळेच्या व्हरांड्यात चारही पंक्चर काढली. टायर सोडवायला चमचे, बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचे, पॉलिश पेपरने घासायचं, सोल्युशन लावायचं, ते सुकेपर्यंत थांबायचं आणि मग ठिगळ. मुली घाई करतात ती इथेच, ओल्या सोल्युशनवर ठिगळ लावतात. चौथं पंक्चर त्यांनी माझी मदत न घेता काढलं. दोन पंप आणि पेटी आता मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात आहे, किल्ली दोन मुलींकडे. भाऊ नेतो त्या सायकलीबद्दल बाईंनी घरी जाऊन बोलायचं कबूल केलंय. दोन मोठ्या सायकली नववीतल्या उंच मुलींना दिल्या, त्या दोघींसाठी 24 इंची येतील.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा निघतोय, या वेळी पुणे ते कोल्हापूर, वाटेत साताऱ्याला मुक्काम. सायकली 14 घ्यायच्या आहेत. मुलींना भिंतीशी उभं करून टाचेपासून जांघेपर्यंतचं माप त्यांनीच एकमेकींचं टेपने घेतलं आणि वहीच्या पानावर लिहून दिलं: नऊ जणींना 24 इंची, पाच जणींना 26, सगळ्यांना कॅरिअर हवं. एकीने खाली जोडलंय, "घंटी मोठ्या आवाजाची द्या, वळणावर ट्रॅक्टर येतात."