खिडकीलगतचे अर्धे घडलेले बाक: एका गृहसंचाचे परीक्षण

हा संच एका लांबट बाकाचा आहे. बाकाच्या एका टोकाला दोरीने विणायची चौरस बैठक आणि दुसऱ्या टोकाला कुंड्या ठेवण्यासाठी लाकडी पट्ट्यांची जागा अशी त्याची मांडणी असून ते खिडकीलगत ठेवावे अशी अपेक्षा आहे. खोक्यात पाइनच्या लाकडाचे कापून तयार केलेले भाग, लाकडाचा गोंद, पिळलेल्या कागदी दोरीचे रीळ, जवसाच्या तेलाची बाटली, मातीच्या दोन कुंड्या, त्यांच्या बशा आणि एक माहितीपुस्तिका मिळते. लाकडावर रंग किंवा पॉलिश नसते आणि बैठकीच्या जागी फक्त रिकामी चौकट असते.

सुट्या भागांतून जोडायचे फर्निचर आता सर्वत्र मिळते, परंतु त्यातले बरेचसे केवळ वाहतुकीच्या सोयीसाठी सुटे केलेले असते. विकत घेणाऱ्याने स्क्रू फिरवायचे एवढेच काम उरते आणि तयार झालेली वस्तू छायाचित्रातल्या वस्तूहून तसूभरही वेगळी नसते. या संचात मात्र कोणते काम कारखान्यात व्हावे आणि कोणते घरातल्या माणसावर सोपवावे याचा विचार झालेला दिसतो. ज्या कामात चूक झाली तर बाक डुगडुगेल ते काम कारखान्याने करून दिले आहे. ज्या कामात प्रत्येकाची आवड वेगळी असू शकते ते मोकळे ठेवले आहे. माझ्या मते ही विभागणी बव्हंशी योग्य आहे. ती जेथे फसते तेथे दोष लाकडाच्या बाजूला नसून कुंड्यांच्या बाजूला आणि पुस्तिकेत आहे.

सांध्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि हीच त्यांची प्रशंसा आहे. आडव्या दांड्यांच्या टोकांना कुसू, म्हणजे खाचेत बसणारी कोरलेली टोके, काढलेले आहेत आणि पायांत त्यांच्या मापाच्या खाचा आहेत. हाताने दाबल्यावर कुसू अर्धा आत जावा आणि लाकडी हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी पूर्ण बसावा, इतकी अचूकता त्यात आहे. माझ्याकडे आलेल्या संचातला एक सांधा थोडा सैल होता. त्याच लाकडाची पातळ काप गोंद लावून कुसूवर चिकटवली तेव्हा तो घट्ट झाला. गोंद ओला असतानाच चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. ते सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे असे समजावे. गुण्या (काटकोन तपासायचे साधन) असल्यास तोही लावावा, पण मोठ्या चौकटीसाठी कर्णांचे माप अधिक भरवशाचे ठरते.

कुंड्यांखालच्या पट्ट्या बसवण्याची पद्धत मला विशेष आवडली. त्या खोबणीत सरकवायच्या असतात आणि त्यांना गोंद लावायचा नसतो. लाकूड हवेतली आर्द्रता शोषते तेव्हा ते रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यातही वार्षिक वलयांच्या दिशेने होणारा बदल त्यांना छेदून जाणाऱ्या दिशेतल्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. कुंड्यांच्या सान्निध्यात ओल कमीजास्त होत राहणारच, आणि अशा ठिकाणी पट्ट्या घट्ट चिकटवल्या असत्या तर त्या वाकल्या किंवा चिरल्या असत्या. दोन पट्ट्यांमधली मोकळी फट फुगण्याला जागा देते आणि सांडलेले पाणी खाली जाऊ देते. घरगुती संचात इतका विचार सहसा आढळत नाही.

बाकाच्या कोणत्या टोकाला बैठक असावी हे गोंद लावण्यापूर्वी ठरवता येते. हा निर्णय पुस्तिकेने एका ओळीत उरकला आहे, परंतु तो सर्वांत महत्त्वाचा आहे. खिडकीपासून थोडे दूर जाताच उजेड झपाट्याने घटतो. आपल्या डोळ्यांना तो फरक जाणवत नाही, पण झाडाला जाणवतो. बाक कोठे ठेवायचे, खिडकीचा कोणता भाग भिंतीने किंवा पडद्याने झाकलेला असतो आणि बसणाऱ्याला बाहेर पाहायचे आहे की खोलीकडे तोंड करायचे आहे, हे सगळे पाहूनच डावे-उजवे ठरवावे. घराच्या रचनेशी बाकाचे नाते येथेच जुळते, आणि एकदा गोंद सुकला की ते बदलता येत नाही.

लाकडाच्या शेवटच्या संस्कारासाठी जवसाचे तेल दिले आहे. ही निवड चांगली आहे, मात्र तिच्या मर्यादा सांगायला हव्या होत्या. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या तंतूंत मुरून राहते. त्यामुळे पृष्ठभागावर चकचकीत थर दिसत नाही, लाकडाचा स्पर्श लाकडाचाच राहतो, आणि पुढे कधी ओरखडा उमटला तर तेवढाच भाग घासून पुन्हा तेल लावता येते. वॉर्निशच्या बाबतीत हे इतके सहज होत नाही. कच्चे तेल वाळायला अनेक दिवस घेते. बाजारात उकळलेले म्हणून जे मिळते त्यात बहुधा लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगे मिसळलेली असतात आणि ते साधारण एका दिवसात वाळते. बाटलीवर यांपैकी कोणते तेल आहे हे लिहिलेले नाही. चाचणीसाठी टाकाऊ तुकड्यावर ते लावून पाहावे आणि वाळण्याच्या वेळेवरून अंदाज घ्यावा.

तेल लावण्याआधी लाकूड १२० आणि नंतर १८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने, तंतूंच्या दिशेनेच घासावे. मग ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे. दबलेले तंतू उभे राहतात, ते २२० क्रमांकाच्या कागदाने हलकेच काढले की पुढे ते पुन्हा खरखरीत होत नाहीत. पाइनमध्ये गाठी असतात आणि गाठींतून राळ पाझरू शकते. तेथे लाखेच्या पॉलिशचा पातळ हात दिल्यास डाग पडत नाहीत. तेलाचा थर अगदी पातळ असावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी वरचे उरलेले तेल कोरड्या कापडाने संपूर्ण पुसून काढावे, अन्यथा पृष्ठभाग कित्येक दिवस चिकट राहतो.

या टप्प्यावर पुस्तिकेत एक गंभीर उणीव आहे आणि ती मी सौम्य शब्दांत सांगू शकत नाही. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. लाकडावर ती सहज निघून जाते, परंतु तेलाने भिजलेल्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आतच साठत जाते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. वापरलेली फडकी मोकळ्या हवेत एकेरी पसरून पूर्ण वाळवावीत, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत. घरी प्रथमच असे काम करणाऱ्या माणसाच्या हाती ही बाटली द्यायची आणि ही सूचना द्यायची नाही, हे अक्षम्य आहे. पुढील आवृत्तीत ती पहिल्या पानावर छापली जावी.

आता विणकाम, म्हणजे संचाचा आत्मा. पिळलेल्या कागदाची दोरी ऐकायला कच्ची वाटते, पण ती आश्चर्यकारक टिकाऊ असते. डॅनिश फर्निचरमध्ये तिचा वापर सर्वमान्य आहे. डॅनिश रचनाकार हान्स वेग्नर यांनी १९४९ मध्ये रेखाटलेल्या आणि १९५० पासून उत्पादनात असलेल्या ‘विशबोन’ खुर्चीच्या एका बैठकीसाठी सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते आणि ती आजही हातानेच विणली जाते. या संचातली विणही त्याच जातीची आहे. दोरी एका दांडीवरून वर घ्यायची, खालून परत आणायची, लगतच्या दांडीवर नेऊन तेथेही तसेच करायचे आणि कोपऱ्यांकडून मध्याकडे सरकत जायचे. असे करता करता चार त्रिकोण तयार होतात आणि त्यांची टोके मध्यभागी भेटतात.

कृती वाचून समजत नाही, पहिल्या दोन-चार फेऱ्यांत हातालाच कळते. त्यानंतर मन लावून करण्याचे काम एकच उरते: ताण सारखा राखणे. दोरी किंचित दमट केली तर ती वळायला सोपी जाते आणि वाळल्यावर घट्ट बसते, पण पाण्यात भिजत ठेवल्यास कागदाचा पीळ उलगडू लागतो. प्रत्येक काही फेऱ्यांनंतर लाकडी ठोकळ्याने ओळी एकमेकींकडे सरकवाव्यात आणि त्रिकोणांच्या कडा सरळ रेषेत आहेत का ते पाहावे. नवे टोक जोडताना गाठ नेहमी खालच्या बाजूला यावी. रीळ जेमतेम पुरेल इतकेच दिले आहे. सैल हाताने विणणाऱ्याला ते कमी पडेल, म्हणून जादा रीळ सुरुवातीलाच मागवणे शहाणपणाचे होईल. दोरी फक्त तिच्या मूळ फिकट तपकिरी रंगात मिळते हे मला खटकले. दुसऱ्या रंगाच्या दोरीने मधल्या काही फेऱ्या घालायची मुभा असती, तर प्रत्येक घरातली बैठक वेगळी झाली असती, आणि संचाचा हेतू तोच तर आहे.

२०१२ मध्ये मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिएली यांनी एक संशोधन प्रसिद्ध केले होते. स्वतः जोडलेल्या साध्या वस्तूंना माणसे अधिक मोल देतात, हा त्यातला निष्कर्ष बहुश्रुत आहे. त्याच्याच जोडीचा दुसरा निष्कर्ष मात्र क्वचित सांगितला जातो, तो असा की काम अपुरे राहिले किंवा केलेले मोडून टाकले तर हे वाढीव मोल उरत नाही. संचातले विणकाम याच कसोटीवर मला योग्य वाटते. ते कष्टाचे आहे, पण नेटाने करणाऱ्या कोणाच्याही हातून पूर्ण होण्यासारखे आहे. कुसू आणि खाचा पटाशीने स्वतः कोरायला लावल्या असत्या, तर अर्ध्यावर सोडलेल्या चौकटींचीच संख्या वाढली असती.

कुंड्यांचा भाग मात्र निराश करतो. मातीच्या कुंड्या स्वतः उत्तम आहेत: झिलई नसलेल्या, सच्छिद्र, तळाला पुरेसे मोठे भोक असलेल्या. अशा कुंडीच्या भिंतींतूनही पाणी उडून जाते, त्यामुळे माती प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर सुकते आणि मुळे कुजण्याचा धोका घटतो. कालांतराने बाहेरून पांढरे डाग उमटतात, ते पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांचे असतात. ते ब्रशने घासून निघतात आणि न काढले तरी बिघडत नाही. परंतु सोबतच्या बशाही त्याच सच्छिद्र मातीच्या आहेत. बशीत पाणी साचले की तिच्या तळातून ओल झिरपते आणि थेट लाकडाला पोचते. जवसाचे तेल ओलीपासून फारसे संरक्षण देत नाही. या कामासाठी टंग तेल (टंग झाडाच्या बियांचे तेल) अधिक उपयोगी पडले असते. झिलई दिलेल्या बशा वापराव्यात आणि बशीखाली छोटे पाय लावून हवा खेळती ठेवावी, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. शिवाय कागदी दोरीची बैठक अगदी शेजारी असल्यामुळे झाडांना जागेवर पाणी घालू नये. कुंडी उचलून न्यावी, पाणी घालावे, निथळू द्यावी आणि मगच परत ठेवावी. २० सेंटिमीटरची ओली कुंडी उचलणे कठीण नाही. ३० सेंटिमीटरची मात्र मातीसह वीस किलोच्या घरात जाते, तेव्हा तेवढी मोठी कुंडी या बाकावर आणूच नये.

पुस्तिकेतला बागकामाचा मजकूर दोन ठिकाणी चुकीचा आहे. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो, असे त्यात म्हटले आहे. वास्तविक बारीक मातीतले पाणी माती पूर्ण भिजेपर्यंत खालच्या जाड खड्यांत उतरत नाही. ओला पट्टा तेवढा वर सरकतो आणि मुळांसाठी कोरडी जागा कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा ठेवून कुंडी तळापासून मातीने भरावी. दुसरे विधान असे की बाकावरची दोन झाडे खोलीची हवा शुद्ध करतील. ही समजूत नासाच्या १९८९ च्या प्रयोगांवरून पसरली, आणि ते प्रयोग लहान बंदिस्त पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॅरिंग यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा असे दिसले की इमारतीत एरवीही होणाऱ्या हवेच्या आदलाबदलीची बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरमागे १० ते १००० झाडे लागतील. झाडे घरात असावीत याची कारणे पुष्कळ आहेत; त्यासाठी खोट्या कारणाची गरज नाही.

झाडांची निवड करताना एक उभे वाढणारे आणि एक लोंबते घ्यावे. स्नेक प्लांट पाणी विसरले तरी तग धरते आणि मातीच्या कुंडीत खुश असते. मनीप्लांटच्या वेली बैठकीच्या उलट बाजूने सोडाव्यात म्हणजे बसणाऱ्याला त्यांची अडचण होत नाही. कुंड्या अधूनमधून थोड्या सरकवत राहाव्यात, कारण उजेडात पाइनचे लाकूड पिवळसर होत जाते आणि झाकलेल्या भागाचे फिके गोल वर्तुळ तसेच राहते.

ज्यांना वस्तू आणल्या दिवशीच वापरायची आहे त्यांनी हा संच घेऊ नये. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी अवश्य घ्यावा, कारण भिंतीला हात न लावता खिडकीजवळची एक जागा पूर्णपणे आपली करता येते. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात: जादा दोरी नंतरही सुटी मिळत राहील का, आणि बशा झिलईच्या बदलून मिळतील का. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असेल तर झिजलेली बैठक काही वर्षांनी कापून काढून त्याच चौकटीवर नव्याने विणता येईल. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर बशा वेगळ्या विकत घ्याव्यात.