बरणीतलं सॅलड: उन्हाळा आणि पावसाळा, दोन्ही ऋतूंतल्या वापरानंतर

रविवारी चिरून बरण्या भरायच्या आणि बुधवारपर्यंत डबा म्हणून न्यायच्या, एवढ्यासाठी वापर. बरणी काचेची, साधारण 700 मिलीची, मूठ आत जाईल इतक्या रुंद तोंडाची. अरुंद तोंडाची घेऊ नका. भरताना थर नीट बसत नाहीत आणि तळ घासायला वेगळा ब्रश लागतो. 500 मिलीत एका माणसाचं तोंडीलावणं मावतं, पूर्ण जेवण नाही.

या पद्धतीत सगळा खेळ पाण्याचा आहे. पानांना ओल लागली नाही तर सॅलड टिकतं, लागली तर दुसऱ्याच दिवशी चिकट होतं. म्हणून तळाला ड्रेसिंग, त्यावर कडक भाज्या, मग कडधान्य आणि अगदी वर पानं. मधले थर बांधासारखे काम करतात.

ड्रेसिंग एका बरणीला 3 मोठे चमचे, म्हणजे सुमारे 45 मिली पुरतं: दीड चमचा तेल, एक चमचा लिंबाचा रस, अर्धा चमचा मध, पाव छोटा चमचा फेसलेली मोहरी, मीठ आणि मिरपूड. मोहरीमुळे तेल आणि रस लवकर वेगळे होत नाहीत. तेल तिळाचं किंवा सूर्यफुलाचं घ्यावं. ऑलिव्हचं तेल फ्रिजमध्ये घट्ट होऊन तळाला चिकटून बसतं, खोबरेल तर दगडच होतं. हिंग-जिऱ्याची फोडणी घालायची असेल तर ती पूर्ण गार झाल्यावरच. दह्याचं ड्रेसिंग मात्र फार चालत नाही, त्याला पाणी सुटतं आणि रोज आंबटपणा चढतो. हवंच असेल तर चक्का घ्या आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

ड्रेसिंगला टेकून गाजर, कोबी, ढोबळी मिरची. गाजराचे चौकोनी तुकडे करा, किसू नका, किसाला फार पाणी सुटतं. सफरचंद घालायचं तर तेही इथेच, लिंबाच्या रसात ते काळं पडत नाही. त्यावर एक वाटी शिजवलेले काबुली चणे किंवा मटकी. मोड आलेलं कडधान्य कच्चं भरू नका. मोड ज्या उबदार ओलीत येतात तीच जिवाणूंनाही मानवते, आणि ते नुसतं धुऊन जात नाहीत. मटकी चांगली वाफवून घ्या, ताटात पसरून पूर्ण गार करा, मगच भरा. गरम चणे भरले की वाफ झाकणाला धरते आणि थेंब पानांवर पडतात. ‘सगळं बरोबर केलं तरी पालक सडला’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

काकडी अवघड. मिठाशी गाठ पडली की तिला पाणी सुटतं, म्हणून बियांचा गर काढून ती चण्यांच्या वर ठेवायची आणि तरीही दोनच दिवसांचा हिशोब धरायचा. टोमॅटो छोटे, अख्खे. कच्चा कांदा आणि मुळा बंद बरणीत इतके उग्र होतात की सगळ्याला तोच वास लागतो. ते त्या दिवशीच चिरा. बीट घातलं की सगळं गुलाबी होतं, चवीला बाध नाही. डाळिंबाचे दाणे मात्र छान टिकतात.

पानं धुऊन सुती पंच्यावर पंख्याखाली अर्धा तास तरी पसरा. हाताला कोरडी लागली तरी देठाच्या बेचक्यात पाणी राहतं. पावसाळ्यात पालक बाजारातूनच भिजून येतो, तेव्हा दोन दिवसांपुरत्याच बरण्या भरणं शहाणपणाचं. उन्हाळ्यात आइसबर्ग किंवा रोमेन तीन दिवस सहज कुरकुरीत राहतं. बरणी गच्च भरा, म्हणजे थर हलत नाहीत, आणि झाकणाखाली घडी घातलेला कागदी रुमाल ठेवा. दाणे, तीळ, शेव वेगळ्या पुडीत.

खाताना बरणी ताटात उपडी करा: पानं खाली जातात, ड्रेसिंग वरून ओघळतं. बरणीतच काटा घालून खाणं फोटोपुरतं ठीक, प्रत्यक्षात पहिली दहा मिनिटं कोरडी पानंच चावत बसावं लागतं.

नेण्याचं म्हणाल तर काच जड आहे आणि लोकलच्या गर्दीत बरणी उभी राहीलच याची खात्री नाही. आडवी पडली की ड्रेसिंग पानांत जातं, मग सगळी मांडणी फुकट. लांबचा प्रवास असेल तर ड्रेसिंग छोट्या घट्ट डबीत न्या. ऑफिसात फ्रिज नसेल तर बर्फाची पिशवी हवीच. फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि पारा 32 अंशांच्या पुढे असेल तर एकच तास. फ्रिजही 4 अंशांवर किंवा त्याखाली असावा.

साध्या काचेची बरणी फ्रिजमधून काढून लगेच उकळत्या पाण्याने धुतली तर तडकते. पत्र्याच्या झाकणाला आतून लिंबू लागत राहिलं की कडेने गंज धरतो, तेव्हा झाकण बदला, घासून वापरत राहू नका. सिलिकॉनची रिंग दर वेळी काढून धुवा आणि उन्हात वाळवा, लसणाचा वास तिच्यातच मुरतो.