भाच्यासाठी रायफल: एमवनए की एआर-१५?

माझा भाचा सैनिक टाकळीचा, आता टेक्सासला स्थायिक. त्याच्या मित्राच्या शेतात रानडुकरं धुडगूस घालतात आणि तिकडे त्यांची शिकार कायद्याला मान्य आहे. दसऱ्याला गावी आला तेव्हा शस्त्रपूजन आटोपल्यावर त्यानं विचारलं, "मामा, एमवनए घेऊ की एआर-१५?" मी फौजेत आधी एसएलआर वापरली, मग इन्सास, या दोन्ही आपल्या सैन्याच्या रायफली. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा रेंजवर या दोन्हीही चालवून पाहिल्या.

दोन्हींचं घराणं लष्करी. अमेरिकी सैन्यानं १९५७ साली एम-१४ स्वीकारली, तिचं नागरी रूप म्हणजे एमवनए. एआर-१५ हा यूजीन स्टोनर या शस्त्र-अभियंत्याचा आराखडा. १९५९ साली कोल्ट कंपनीनं त्याचे हक्क घेतले आणि त्यातूनच सैन्याची एम-१६ आली. 'एआर' हे आर्मालाइट कंपनीच्या नावावरून आलंय, 'असॉल्ट रायफल'चा त्याच्याशी संबंध नाही. नागरी रूपात दोन्हींना ऑटोचा, म्हणजे सलग गोळ्या झाडायचा, खटका नाही. घोडा एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पुढची आपोआप चेंबरमध्ये येते, पण सुटायला घोडा पुन्हा ओढावा लागतो.

खरा फरक गोळीत आहे. एमवनएची ७.६२ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे आमच्या एसएलआरचीच. साडेनऊ ग्रॅमचं शिसं सेकंदाला साधारण ८५० मीटर वेगानं जातं. एआरची ५.५६, म्हणजे इन्सासची. जेमतेम साडेतीन ग्रॅम, पण वेग ९५० मीटरच्याही वर. ताकदीत ७.६२ जवळजवळ दुप्पट, त्यामुळे खांद्यालाही तसाच हिसका. रेंजवर भाच्याचे पहिले पाच राउंड बरे लागले, मग धक्क्याच्या धास्तीनं तो घोडा ओढण्याआधीच डोळे मिटायला लागला. रंगरूटांना मी हेच करताना पाहिलंय. एआर हातात दिल्यावर त्याच अंतरावर त्याचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, तळहाताएवढा आला.

एमवनए सव्वाचार किलोची, नळी २२ इंची, लाकडी बट. मॅगझीनचं पुढचं टोक अडकवून मागं ओढलं की 'खट्' आवाज येतो, अगदी एसएलआरसारखा. मला गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू! पण भाचा डावखुरा. एमवनएचा कॉकिंग हँडल (रायफल भरताना ओढायचा दांडा) उजवीकडे आणि फायर करताना तो मागंपुढं पळतो. सेफ्टी मात्र ट्रिगर गार्डच्या पुढं, कुठल्याही हाताच्या बोटाला सोयीची. एआरचा हँडल मागं मधोमध, आणि दोन्ही बाजूंनी चालणारी सेफ्टी सहज बसवता येते.

दुर्बीण लावायची तर एआरच्या माथ्यावर सपाट रेल तयारच असते. एमवनएला दुर्बीण बसवायला वेगळा माउंट, म्हणजे बैठक, लागतो. आम्ही चालवलेल्या रायफलीवर कुठलासा स्वस्तातला माउंट होता. वीस राउंडांत स्क्रू ढिला झाला आणि नेम भरकटला.

साफसफाईत एआर थोडी छळते. तिचा गॅस थेट बोल्ट कॅरियरमध्ये येतो, काजळीही तिथंच साठते. पण दोन पिना ढकलल्या की रायफल उघडते, चिंदी सगळीकडे पोचते.

एका एमवनएच्या पैशांत साध्या दोन एआर येतात, गोळ्याही स्वस्त. म्हणून मी त्याला सोळा इंची नळीची एआर घ्यायला सांगितली, चेंबर ५.५६चाच; .२२३ ही तिच्याच मापाची नागरी गोळी, पण तिच्या चेंबरमध्ये ५.५६ची गोळी घातली की दाब वाढतो. डुकरासाठी शिकारीची पसरणारी गोळी घ्यायची आणि दीडशे मीटरच्या आतच मारायचं. त्याला लांबून मारायचं असतं तर एमवनएच म्हणालो असतो.

आपल्याकडे असली रायफल प्रतिबंधित वर्गात मोडते. त्यामुळे ती इकडे आणायचा विचारसुद्धा करू नये.

पलटणीत फायरिंग संपलं की रायफल मोजून, सही करून कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा व्हायची. भाच्याच्या घरात कोत नाही आणि पाच वर्षांची पोरगी आहे. आधी जमिनीला बोल्ट केलेली पोलादी पेटी घे, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेव, असं त्याला सांगितलंय. पेटी बसली की फोटो पाठवतो म्हणालाय, रायफल त्यानंतर.