पंधरा महिने, 19 हजार किलोमीटर आणि ग्लोव्ह बॉक्समधलं पुस्तक

गाडी घेतली 2024 च्या दसऱ्याला. आज पंधरा महिने होत आले, मीटर 19 हजारांच्या पुढे गेलंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते आजच्या बहुतेक नव्या गाड्यांना लागू आहे, आणि थोडी तक्रारही आहे. पेट्रोल टर्बो, ऑटोमॅटिक, सहा एअरबॅग, धडक टाळायला आपोआप ब्रेक लावता यावा म्हणून पुढच्या बंपरमध्ये रडार आणि काचेमागे कॅमेरा, एवढं पुरे. याआधी तेरा वर्षं साधी हॅचबॅक वापरली. तिच्या डॅशबोर्डवर दिवा लागला की मेकॅनिककडे जायचं आणि त्याने बोनेटवर थाप मारली की दिवा जायचा.

माझा वापर असा: नाशिकच्या इंदिरानगरहून अंबड एमआयडीसीत रोजचं जाणं-येणं, दर शनिवारी दिंडोरीपलीकडे गावी, आणि महिना-दोन महिन्यांतून ठाण्याला बहिणीकडे.

शोरूममधून गाडी थेट गावी नेली. आईने पूजेची तयारी करूनच ठेवली होती. बंपरवर जाडजूड झेंडूची माळ, त्याखाली लिंबू-मिरची. संध्याकाळी परत निघालो तर म्हसरूळच्या अलीकडे स्क्रीनवर संदेश आला, पुढचं रडार झाकलं गेलंय, यंत्रणा बंद आहे. नवी कोरी गाडी आणि पहिल्याच दिवशी बिघाड! शोरूमला फोन केला, पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, सोमवारी घेऊन या." ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल उघडलं तर त्यात चित्रच होतं: बंपरच्या मधोमध ती काळी चकचकीत पट्टी म्हणजे रडारचं तोंड, त्यावर चिखल, स्टिकर, काहीही नको. माळ काढली, थोडं अंतर गेल्यावर संदेश गेला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बैल तर विकले, मग आता माळ घालायची कुणाला?" तेव्हापासून माळ बोनेटवर आणि लिंबू-मिरची मागच्या बाजूला, असा समझोता आहे.

तेवढं एक पान वाचून मी पुस्तक परत ठेवून दिलं. चूक केली.

जानेवारीत गावी मुक्काम होता. सकाळी सहाला निघालो तर घोड्याच्या नालेसारखी, मध्ये उद्गारचिन्ह असलेली पिवळी खूण पेटली. टायरमधली हवा कमी. चारही टायर बाहेरून छान दिसत होते. म्हटलं थंडीने सेन्सर बिघडला असेल. स्क्रीनवर 'रीसेट' असं बटण सापडलं, दाबलं, दिवा गेला. आठवडाभर खूश होतो.

अडीच-तीन आठवड्यांनी पाथर्डी फाट्याच्या पंक्चरवाल्याकडे सहज हवा तपासली. चारही टायरमध्ये 26-27. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर 33 लिहिलंय. त्या रात्री पुस्तक पुन्हा काढलं. माझ्या गाडीत टायरच्या आत सेन्सर नाहीतच! एबीएससाठी (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चाकाचे फेरे मोजणारे जे सेन्सर असतात, त्यांच्यावरूनच गाडी अंदाज बांधते. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून इतरांपेक्षा जरा जास्त फिरतं. हा फरक दिसला की दिवा. आणि रीसेटचा अर्थ 'आत्ता आहे तीच हवा बरोबर आहे असं समज'. म्हणजे मी गाडीला 28 हेच बरोबर असं शिकवून बसलो होतो. त्यात चारही चाकांची हवा सारखीच उतरत गेली, तर तिला फरक कळायचा कसा? (काही गाड्यांत टायरच्या आत खरे सेन्सर असतात आणि स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो. गाडी घ्यायच्या आधी हे विचारा. मी सनरूफ विचारलं होतं.)

थंडीचा दोष मात्र अगदीच खोटा नव्हता. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात पहाटे आठ-नऊ अंश आणि दुपारी अठ्ठावीस-तीस. म्हणजे एकाच दिवसात तीन पीएसआयचा खेळ. शिवाय हायवेवर तासभर पळवली की टायर तापून आणखी तीन-चार वाढतात. पंपावर पोहोचेपर्यंत टायर गरम, तिथला मुलगा "साहेब, पस्तीस टाकू?" विचारतो, आणि गरम टायरमधले पस्तीस म्हणजे थंडातले बत्तीस-एकतीस. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला असतो तो कमाल दाब, तो भरायचा नसतो. मी शेवटी बाराव्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घेतला. दर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, चहाआधी. पाच माणसं आणि सामान असेल तर मागच्या टायरना 36, हेही त्याच स्टिकरवर आहे. हवा भरली, मगच रीसेट.

या एका सवयीने स्टिअरिंग हलकं झालं, मायलेज शहरात साडेदहाचं सव्वाअकरा झालं. हायवेला सोळा-साडेसोळा मिळतं. शोरूमवाल्याने सांगितलेला आकडा मला अजून कधीच दिसलेला नाही.

आता ब्रेक. 2025 च्या ऑगस्टमध्ये आई-तात्यांना घेऊन ठाण्याला निघालो. इगतपुरीहून समृद्धी महामार्गावर चढलं की जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा घाट टाळता येतो, जूनपासून तो रस्ता खुला झालाय. पण आईला पावसातला घाट बघायचा होता. धुकं, पुढे कंटेनर, गाडीत पाच माणसं. जुन्या गाडीत मी न विचार करता दुसरा गिअर टाकायचो. या गाडीत लीव्हर 'डी'वर, पाय ब्रेकवर, आणि तो पाय घाट संपेपर्यंत तिथेच. खाली येईपर्यंत जळका वास. तात्या म्हणाले, "क्लच गेला वाटतं." ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडल नाही हे त्यांना अजून मान्य नाही, पण काहीतरी घासून जळतंय हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. बाजूला घेतली, पुढच्या चाकांतून धुरासारखं काहीतरी येत होतं. तिथल्या टपरीवाल्याने बाटलीभर पाणी आणलं, मी नको म्हटलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते. वीस मिनिटं थांबलो, भजी खाल्ली, निघालो.

ब्रेक फार तापले की पकड कमी होते, पाय दाबला तरी गाडी हवी तशी थांबत नाही. उतारावर इंजिनलाच गाडी धरून ठेवायला लावायचं, एवढं साधं तत्त्व मला माहीत होतं, फक्त ऑटोमॅटिकमध्ये ते कसं करायचं हे माहीत नव्हतं. लीव्हर डावीकडे ढकलला की मॅन्युअल मोड, तिथे दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवायचा, आणि ब्रेक सतत घासत न ठेवता ठामपणे दाबून वेग कमी करून सोडायचा. आता वणीच्या गडावरून परततानाही असंच उतरतो आणि वास येत नाही. काही जण पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतात. न्यूट्रलमध्ये इंजिनचा धरबंद उरतच नाही, आणि इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंगही जड होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंजिनचं पेट्रोल तसंही तोडलं जातं. म्हणजे वाचत काहीच नाही.

धुक्यातलं एक राहिलं. घाटात अर्धे लोक चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून चालवतात. मग पुढचा वळणार की थांबलाय हे कळतच नाही. लो बीम आणि फॉग लॅम्प लावा, राव. अप्पर लावला तर समोर नुसती पांढरी भिंत.

आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेबद्दल सगळे विचारतात. पंधरा महिन्यांत तिने मला खरोखर एकदाच वाचवलं. मार्च महिना, द्राक्षांचा खुडा जोरात, दिंडोरी रोडवर अंधारात क्रेटने भरलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मला दिसायच्या आधी गाडी ओरडली आणि ब्रेक लागायला सुरुवात झाली. मीही पूर्ण ताकदीने दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, खर्रर्र आवाज आला. ते एबीएसचं काम आहे. अशा वेळी घाबरून पाय उचलायचा नाही किंवा जुन्या सवयीने पंप करायचा नाही, दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंग वळवायचं, कारण चाकं लॉक होत नाहीत म्हणून गाडी वळते. ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलो. पण याच पुस्तकात दीड पान यादी आहे की ही यंत्रणा काय ओळखू शकणार नाही: आडवी जाणारी वाहनं, जनावरं, मुसळधार पाऊस, समोरून डोळ्यांवर येणारा सूर्य. आमच्या रस्त्यांवर नेमकं हेच सगळं असतं.

लेन धरून ठेवणारी यंत्रणा मी शहरात बंद ठेवतो. 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीत शहरभर इतकं खोदकाम चाललंय की कुठला पट्टा जुना, कुठला नवा हे मलाच कळत नाही, कॅमेऱ्याला काय कळणार. समृद्धीवर मात्र ती झकास चालते. तिथे 120 ची मर्यादा आहे, आणि गाडी 80 ला अधूनमधून व 120 ला सलग पीं-पीं करते. 2019 च्या जुलैपासून बनलेल्या सगळ्या गाड्यांत हे आहे.

आवाजावरून सीटबेल्ट आठवला. तात्यांना पट्टा म्हणजे अपमान. गावातल्या कुणीतरी त्यांना बक्कलमध्ये खोचायची चिमटी आणून दिली, ती अडकवली की गाडीला वाटतं पट्टा लावलाय. अशा चिमट्या ऑनलाइन विकू नका असा आदेश 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढला होता, तरी ती आमच्या गावात पोहोचलीच. मी भांडलो नाही. त्यांना एवढंच सांगितलं, की एअरबॅग म्हणजे गादी नव्हे, डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडणारा दणका आहे, पट्ट्याने माणूस मागे धरलेला असेल तरच तो कामाचा. "म्हणजे पट्टा नसला तर फुगाच मारणार?" "हो, तात्या." त्यांनी चिमटी खिशात घातली. अजून ती खिशातच आहे, गावातल्यांना दाखवायला.

सीट कव्हरचंही तेच. दुकानदाराने बसवलेलं पहिलं कव्हर सीटच्या कडेवरच्या एअरबॅगच्या शिलाईवरून घट्ट ताणलेलं होतं. कडेला मोकळी जागा असलेलं कव्हर मिळतं, थोडं महाग आहे. आणि मूळ मॅटवर सेव्हन-डी मॅट टाकली होती, तीही काढली. एकावर एक मॅट सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकू शकते. पैसे वाया गेले. मॅट आता आईच्या देवघरासमोर आहे, तिला आवडली.

उंदीर! खुड्याच्या दिवसांत गाडी चार दिवस शेडमध्ये उभी होती. पाचव्या दिवशी सुरू केली तर इंजिन थरथरतंय आणि पिवळा इंजिनचा दिवा लुकलुकतोय. तोवर पुस्तक निम्मं वाचून झालं होतं: तो दिवा स्थिर असेल तर लवकर दाखवून घ्या, लुकलुकत असेल तर चालवू नका, कारण एखादा सिलिंडर नीट जळत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) खराब करतं. लाल दिवा म्हणजे बाजूला घेऊन थांबाच. टो करून नेली. इग्निशन कॉइलची वायर कुरतडलेली, एसीच्या फिल्टरवर वाळलेल्या द्राक्षपानांचं घरटं. वॉरंटीत बसत नाही म्हणाले, बिल साडेचार हजार. तंबाखूच्या पुड्या ठेवून पाहिल्या, उंदरांनी पुड्याही कुरतडल्या. आता गावी रात्री बोनेट उघडं ठेवतो, उजेड आणि गारवा असला की ते येत नाहीत. निदान अजून आलेले नाहीत.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात. वर्षाच्या सर्व्हिसला मला 11,400 चा अंदाज दिला. त्यात डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन. मी मॅन्युअलमधलं वेळापत्रकाचं पान काउंटरवर उघडून ठेवलं: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर तपासणी, बाकी पाहणी. "यातलं डीकार्बनायझिंग कुठे आहे?" सल्लागार हसला. बिल 6,200 झालं. एसीचा फिल्टर मात्र आमच्याकडच्या धुळीत सांगितलेल्या मुदतीच्या आधीच बदलावा लागला, तो मी घरीच बदलतो, ग्लोव्ह बॉक्स खाली केला की मागेच असतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचंय, ते हवेतली ओल शोषतं, म्हणून गाडी कमी पळाली असली तरी बदलायचं. येत्या दसऱ्याला.

एक तक्रार सुटलेली नाही. खड्ड्यांतून 30-40 च्या वेगाने गेलं की मागच्या डाव्या दारातून बारीक टक-टक येते. तीनदा दाखवली. प्रत्येक वेळी टेस्ट ड्राइव्हला बसलेला माणूस म्हणतो, "सर, मला तर काही ऐकू येत नाही," आणि त्याच्या वर्कशॉपबाहेरचा रस्ता नेमका नवा कोरा डांबरी आहे. पुढच्या शनिवारी त्याला गावापर्यंत घेऊन जायचं ठरवलंय. तो हो म्हणालाय, फक्त विचारत होता की द्राक्षं सुरू झालीत का.