व्हेरिकोज व्हेन्सचं लेसर: काही महिन्यांनंतर काय गेलं, काय उरलं

आधी निकाल. पायातली फुगलेली शीर (व्हेरिकोज व्हेन) लेसरने आतून तापवून बंद केल्यावर संध्याकाळचा जडपणा, रात्री पोटरीत येणारे गोळे आणि वर आलेल्या जाड शिरा गेल्या. घोट्याजवळची काळपट कातडी फिकी झाली, पण गेली नाही. तिथे रक्तातलं लोह कातडीत मुरलेलं असतं आणि शीर बंद केली म्हणून ते निघत नाही.

नाव लेसरचं होतं, पण निम्मं काम आधीच्या डॉपलरचं, म्हणजे शिरांतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीचं. ही तपासणी उभं राहूनच व्हायला हवी. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं, तर रक्त उलटं जाऊ न देणारी शिरेतली झडप निकामी. गळती जांघेतून सुरू होते की गुडघ्यामागून, आणि खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत का, हे रिपोर्टमध्ये नसेल तर पुढे जाऊ नये.

प्रक्रियेत गुडघ्याजवळ सुई टोचून लेसरचा प्रकाश नेणारी बारीक तार, म्हणजे फायबर, शिरेतून वर सरकवतात आणि त्याचं टोक जांघेतल्या खोल शिरेच्या जोडापासून सुमारे 2 सेंमी अलीकडे थांबवतात. खरा त्रास त्यानंतर. सलाइन, लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) आणि अ‍ॅड्रिनलिनचं पातळ मिश्रण सोनोग्राफीत बघत शिरेभोवती भरतात, मांडीभर टोचण्या बसतात. हे फक्त भुलीसाठी नसतं. त्या पाण्याच्या दाबाने शीर फायबरला चिकटते आणि कातडी, मज्जातंतू उष्णतेपासून लांब राहतात. इथे घाई झाली की चटका किंवा बधिरपणा. प्रत्यक्ष लेसर काही मिनिटांत उरकतं. 1470 नॅनोमीटरचा, चहूबाजूंनी प्रकाश सोडणारा फायबर असेल तर जुन्या उघड्या टोकाच्या फायबरपेक्षा दुखणं आणि काळं-निळं पडणं कमी. लेसरऐवजी रेडिओलहरींनी शीर तापवण्याची पद्धत म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी; तिच्यात शिरेचा 7 सेंमीचा तुकडा 120 अंशांवर 20 सेकंद तापवतात. शीर बंद होण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच, त्यावरून डॉक्टर निवडू नये.

पोटरीवरच्या फुगलेल्या फांद्या 2-3 मिमीच्या छेदांतून हुकने काढतात, टाके लागत नाहीत. खुणा मात्र उभं करून पेनाने करायला हव्यात, आडवं झाल्यावर त्या शिरा दिसत नाहीत.

साधारण आठवड्याभराने मांडीच्या आत तार ओढल्यासारखं वाटतं. बंद झालेली शीर आकसतेय, घाबरायचं कारण नाही; चालत राहायचं. पोटरी एकदम सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. गुडघ्याखालचा आतल्या बाजूचा बधिरपणा वेगळा: तिथे मज्जातंतू शिरेला लागूनच जातो. हा बधिरपणा बहुतेकदा काही महिन्यांत ओसरतो.

सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट म्हणजे पायावर दाब देणारे घट्ट मोजे. क्लास 2, म्हणजे घोट्याशी 23 ते 32 मिमी पारा दाब. माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं. घालताना मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल बसवायचं, मग थोडा थोडा वर चढवायचा. रबरी हातमोजे घातले तर पकड येते. वरची कड गुंडाळली गेली तर तिथेच करकचून आवळते आणि खाली सूज येते, म्हणून लांब पडणारा मोजा दुमडून वापरू नये. पायाच्या धमन्या अरुंद असतील तर हे मोजे धोक्याचे, मधुमेहींनी आधी घोट्याचा रक्तदाब तपासून घ्यावा. रोज वापरून चार-सहा महिन्यांत दाब सैलावतो, मग नवी जोडी.

बारीक कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-निळ्या रेषा या उपचाराने जात नाहीत, त्यांना वेगळी इंजेक्शनं लागतात. आणि काही वर्षांनी दुसरीच शीर फुगली तर तो बंद केलेल्या शिरेचा दोष असेलच असं नाही. पुन्हा उभं राहून डॉपलर केलं की गळती कुठून आहे ते कळतं.